वाया, व्यर्थ आणि 'कामनं नई'

कुठली गोष्ट नेमकी कोणत्या जातीची बिनकामाची आहे, हे आमच्या वहिनींच्या वडिलांइतकं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. तुम्ही-आम्ही एखादी गोष्ट फसली की "जाऊ द्या, काही उपयोग नाही" म्हणून पुढच्या कामाला लागतो. आप्पांना हे असलं ढिसाळ बोलणं सहन व्हायचं नाही. ते हात वर करून थांबवायचे आणि विचारायचे, "म्हणजे व्यर्थ, वाया, निष्फळ, की फोल?" माझी त्यांची पहिली भेट माझ्या भावाच्या लग्नातली. शहाद्याला, भर मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर. नवरदेवाच्या अंगात लोकरी कोट, मांडवाबाहेर उन्हात फटाके, आणि व्यासपीठावर एका पुढाऱ्याचं न संपणारं आशीर्वादाचं भाषण. वधूपिता म्हणून आप्पा फेटा बांधून दारात उभे होते. माझे मामा सहज म्हणाले, "भाषण फुकट चाललंय हो, कोणी ऐकत नाही." आप्पा म्हणाले, "फुकट नव्हे, निष्फळ. त्यांना फळाची अपेक्षा आहे आणि ते मिळणार नाही. हे उन्हातले फटाके मात्र व्यर्थ, कारण ते दिसणारच नव्हते. आणि तिकडे आइस्क्रीम वितळतंय, ते वाया. ते कामाचं होतं, आपण वेळेवर वाटलं नाही." मामांनी घाबरून नवरदेवाच्या कोटाबद्दल काही विचारलं नाही. मात्र आप्पांनीच जाता जाता सांगितलं, "तो कोट निरुपयोगी म्हणता येणार नाही. जानेवारीत वापरता येईल."

दिसायला किरकोळ. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि बाराही महिने हातात छत्री. मराठीचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण बोलणं असं की समोरच्यानं शुद्धलेखन उतरवून घ्यावं. स्वल्पविरामाला थोडं थांबायचे, पूर्णविरामाला श्वास घ्यायचे. आमच्या भागात बाजारपेठेत, शेतात, एसटीत, सगळीकडे अहिराणी चालते. त्यात आप्पांची पुस्तकी मराठी म्हणजे चिखलातून इस्त्रीचं धोतर सावरत चालल्यासारखी. शहाद्याच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. भाजीवालीला त्यांनी विचारलं, "बाई, ही मेथी ताजी आहे का?"

"ताजी शे, गुरुजी."

"आहे."

"काय शे?"

"ताजी आहे."

"मंग मी तेच सांगी ऱ्हायनी ना!" ती बाई म्हणाली आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. आप्पांनी मेथी घेतली, पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर धडा अर्धवट राहिल्याचं दुःख होतं.

फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज लागला तरी ते त्याच्याशी वाद घालत. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं ती बाई म्हणाली की आप्पा शांतपणे म्हणायचे, "हे वाक्य निरर्थक आहे, ताई. महत्त्वाचा असता तर तुम्ही उचलला असता." आणि मग, समोरच्याला बोलायला वाव द्यावा म्हणून, थोडा वेळ गप्प बसायचे.

त्यांच्या नोकरीची पहिली वर्षं धडगावच्या वरच्या पाड्यांवर गेली. पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, आणि हे त्यांना "तो जातो, ती जाते" शिकवणार. लोक म्हणायचे की या शिकवण्याचा काय फायदा, पण फायदा झाला होता, मी स्वतः पाहिलाय. त्यांचा एक विद्यार्थी मोलगीच्या रस्त्यावर जीप चालवतो. त्या जीपमध्ये मागे, पुढे, टपावर, सगळीकडे माणसं कोंबलेली असतात आणि हा गडी स्टिअरिंगवरून मान वळवून म्हणतो, "कृपया किंचित सरकून बसावे." आप्पांच्या नावानं त्या घाटात अजून कुणी काही उभारलेलं नाही, पण हे वाक्य रोज त्या घाटानं वर-खाली करतं.

ते स्वतः जन्मले तापीकाठच्या एका खेड्यात, जिथं गाईगुरांनासुद्धा अहिराणीतच हाकलतात. धुळ्याला मास्तरकीच्या कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच दिवशी उभं राहून नाव सांगताना "मन्हं नाव..." म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. नंतर वर्षभर पोरं त्यांना "मन्हं" याच नावानं हाक मारत होती. हे मला वहिनींनी सांगितलं, आप्पांनी कधीच नाही. त्यानंतर त्यांच्या तोंडून 'शे' कधी निघालं नाही. आईशी नाही, भावाशी नाही, शेतातल्या गड्याशीही नाही.

आणि लग्न झालं ते जिजींशी. जिजी म्हणजे वहिनींच्या आई. बाईंचं शिक्षण बेताचं, अंगानं भरलेल्या, आणि हसल्या की पदर तोंडाशी न्यायच्याही भानगडीत न पडणाऱ्या. अहिराणीवाचून दुसरी भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यात त्यांना काही कमीही वाटत नव्हतं. आप्पांच्या त्या सगळ्या शब्दांच्या ठिकाणी जिजींकडे एकच होता, 'कामनं नई'. फाटकी चाळणी कामनं नई, पावसाळ्यातले पापड कामनं नई, आमदार कामनं नई. लोणखेड्याला घर बांधल्यावर अंगणात पपईचं एक झाड आलं ते निघालं नर. आमच्याकडे पपईचे मळेच्या मळे आहेत, नर झाड कोणी ठेवत नाही. जिजी म्हणाल्या, "ते झाड काई कामनं नई, काढी टाका."

"'कामाचं नाही' म्हण," आप्पा म्हणाले. "आणि ते निष्फळ आहे, निरुपयोगी नाही. सावली पडते."

जिजी उठल्या. झाडाच्या खोडाला दोरी बांधून त्यावर धुणं वाळत घातलं. मी ओट्यावर बसून हसत होतो, कारण तेव्हा ते दृश्य मला गमतीचंच वाटलं. शेजारच्या खालांशी भिंतीवरून तासन्‌तास बोलणाऱ्या जिजी, आप्पा घरात आले की दोन-चार शब्दांवर यायच्या. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे, नवऱ्याचा मान राखते.

मग एके दिवशी सकाळी तांदूळ निवडता निवडता जिजी एका बाजूला कलल्या. सूप सांडलं. आप्पा म्हणाले, "अगं, तांदूळ..." आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. नंदुरबारला आणलं. माझं औषधाचं दुकान दवाखान्याजवळच आहे, मी धावत गेलो. तिथून सुरतेला हलवलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं की त्यांना सगळं कळतं, डोक्यात शब्दही आहेत, पण ते तोंडापर्यंत येत नाहीत. एक मोठे डॉक्टर फाईल मिटत म्हणाले, "वय झालंय. व्यायाम करून घ्या, पण फारसा उपयोग होणार नाही." मी आप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे त्या डॉक्टरला नेमका शब्द सांगणार. आप्पा म्हणाले, "फारसा नाही म्हणजे थोडा होईल," आणि छत्री उचलून औषधं आणायला गेले.

बोलणं शिकवणारी एक तरुण मुलगी होती, तिनं रीत दाखवून दिली. वस्तू दाखवायची, नाव घ्यायचं, म्हणायला लावायचं. रोज, न चिडता. आप्पांना यात नवीन काय होतं? जन्मभर हेच केलं होतं. त्यांनी फळा आणला, टेबल मांडलं, आणि जिजींना समोर खुर्चीत बसवून सुरुवात केली. "हा चमचा आहे. म्हण, हा... चमचा... आहे." जिजी चमच्याकडे पाहायच्या, मग आप्पांकडे, आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. "हे पाणी आहे." ओठ मिटलेले. असे कितीतरी आठवडे गेले. नातेवाईक यायचे, बसायचे, चहा प्यायचे आणि बाहेर पडताना माझ्या कानाशी सांगायचे, "मास्तर उगाच जिवाला त्रास करून घेतात."

दिवाळीला वहिनी राहायला गेल्या तेव्हा हा तास त्यांनी दारातून पाहिला. मग आत जाऊन म्हणाल्या, "आप्पा, जिजी आयुष्यात कधी 'चमचा आहे' म्हणालीय का?"

आप्पांनी फळा खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी पुढे शिकवलं नाही. ओट्यावर बसून राहिले आणि वहिनींनी आणून दिलेल्या चहाला कधी नव्हे ते "गार झाला" एवढंच म्हणाले. वाया की फुकट, काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खालांच्या दारात उभे राहिले. खाला म्हणजे शेजारच्या शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान घरातल्या वडीलधाऱ्या बाई. घरात त्यांची बोली वेगळी, पण जिजींच्या संगतीत अहिराणी अशी बोलायच्या की माहेरची वाटावी. आप्पा म्हणाले, "माझं एक काम आहे. मला... बोलायला शिकवा." खाला मशीनवरून उठल्याच. इथल्याच माणसाला इथली बोली काय शिकवायची! म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीन तर अठलाच ना! तुम्हले काय शिकाडू?" आप्पा म्हणाले, "शब्द येतात हो. जीभ लाजते."

मग मी शनिवार-रविवारी औषधं पोचवायला जायचो तेव्हा हे दृश्य पाहायचो. खालांच्या ओट्यावर आप्पा मांडी घालून बसलेले, खाला काजं करता करता सांगताहेत, आणि साऱ्या तालुक्याला व्याकरण शिकवलेला माणूस मान खाली घालून म्हणतोय, "माले... तीस... लागनी," म्हणजे मला तहान लागली. पहिल्यांदा 'शे' म्हणताना तर त्यांनी आजूबाजूला पाहून घेतलं, जणू धुळ्याचा तो वर्ग अजून कुठंतरी बसलेला होता. आणि म्हटलं तेही असं स्पष्ट, पूर्णविरामासकट, की खालांना ठसका लागला.

बोलणं शिकवणाऱ्या त्या मुलीनं सांगितलं होतं की वाक्य रुग्णाच्या बाजूनं म्हणा, म्हणजे त्यांना तसंच उचलता येईल. त्यामुळे आप्पा सगळं बायकी रूपात घोकायचे. "मी उठनी. मी जेवनी. मी आंघोळ करी ऱ्हायनी." घोकून घोकून ते अंगवळणी पडलं. दूधवाल्यानं फाटकातून हाक मारली तर आतून आप्पांचा खणखणीत आवाज आला, "थांब, मी उनी!" म्हणजे 'मी आले!' दूधवाला भांडं तिथंच ठेवून सायकलवर बसला. पुढे गल्लीत ही गोष्ट बरेच दिवस पुरली. आप्पांना ती कळली तेव्हा मला वाटलं आता ते खजील होणार. पण ते लगबगीनं आत गेले आणि त्यांनी ती जिजींना सांगितली, दूधवाल्याच्या नकलेसकट, अहिराणीत. जिजींचं अर्धं तोंड हसलं. आवाज निघाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

तिथून आप्पा गोष्टीच सांगायला लागले. बाजारात काय झालं, खालांच्या सुनेनं काय केलं, कोणाची म्हैस कोणाच्या वावरात गेली. चुकीचं बोलले तर जिजी डावा हात हलवून 'नाही' करायच्या, आणि आप्पा सुधारून पुन्हा म्हणायचे. हळूहळू जिजींकडून 'हां' आलं, मग 'नको', मग 'च्या'. 'च्या'च्या दिवशी त्या घरात इतका चहा झाला की मला झोप लागेना.

श्रावणात कानबाई बसली. आमच्या खानदेशच्या या देवीचा सण दिवाळीहून मोठा. रविवारी कानबाई घरी येते आणि सोमवारी सकाळी बायका ती डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत नदीवर नेतात. या गाण्यांच्या ध्रुपदांना अर्थ नाही, ती निरर्थक आहेत, असं आप्पा दरवर्षी न चुकता सांगायचे. त्या सोमवारी मी तिथंच होतो. जिजींची खुर्ची दारात आणून ठेवली होती. डफ वाजत मिरवणूक गल्लीत शिरली, बायकांनी गाणं उचललं, आणि आमच्या मागून एक आवाज त्यात मिसळला. घोगरा, पण सुरात. जिजी गात होत्या. सगळी ओळ, एकही शब्द न अडखळता. ज्या बाईला पाणी मागता येत नव्हतं ती गाण्यातली सगळी नावं, सगळी फुलं घेत होती. वहिनी रडायला लागल्या. आप्पा मात्र अनवाणी मिरवणुकीमागे पळाले. पुढे गेलेल्या बायकांसमोर हात जोडून म्हणत होते, "माघारी या व माय, अजून एकदाव म्हना!" कानबाई डोक्यावर असताना मागं वळत नाहीत. पण त्या बायका जागेवर उभ्या राहिल्या आणि आमच्या दाराकडे तोंड करून त्यांनी ते गाणं पहिल्यापासून म्हटलं.

त्यानंतर आप्पा रोज गायचे. गळा असा की खालांच्या कोंबड्या आडोशाला जायच्या. कॉलेजला जाणारी पोरं फाटकाशी थबकून ऐकायची आणि हसत पुढे जायची, आणि पूर्वी वर्गात कुणी कुजबुजलं तरी पट्टी आपटणारे आप्पा त्यांच्याकडे बघतही नव्हते. गाण्यातून एकेक शब्द सुटा होऊन जिजींच्या बोलण्यात यायचा. सगळे राहायचे नाहीत. काल आलेला आज हरवायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "आप्पा, दमत नाही का?" ते म्हणाले, "दमतो. पण कालचा गेला तरी येऊन गेला ना."

थंडीच्या दिवसांत एका दुपारी दुकानात माझा फोन वाजला. आप्पा होते. त्यांना धाप लागली होती. "धाकटे पाहुणे, ती बोलली! शिकवलेलं नाही, गाण्यातलं नाही, स्वतःचं वाक्य! 'तुम्हीन जेवनात का?' कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, प्रश्नसुद्धा!" मागून खालांचा आवाज येत होता, म्हणजे ते त्यांच्या घरातून बोलत होते. मी गिऱ्हाइकाला थांबवून ही बातमी सांगितली. त्या अनोळखी माणसानंही "वा वा" केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात जिजी झोपेतच गेल्या.

दिवसकार्याला माणसं पुष्कळ जमली. मोलगीचा तो जीपवाला विद्यार्थी आला होता. शुद्ध मराठीत काहीतरी म्हणायचं म्हणून आला असावा, पण आप्पांना पाहून त्यांच्या पायांशी बसून राहिला. पंगतीत एक दूरचे पाहुणे म्हणाले, "मास्तरांनी किती केलं, पण शेवटी काय उपयोग झाला?" बोलणारा चांगल्या मनानंच बोलला होता. पंगतीतले सगळे आप्पांकडे पाहायला लागले. आप्पा वाढत होते. त्यांनी त्या पाहुण्यांच्या पानात भाजी वाढली, "अजून घ्या," म्हणाले, आणि पुढच्या पानाकडे सरकले.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. आता औषधांचं निमित्त नाही, पण जातो. संध्याकाळी ओट्यावर बसलो. पलीकडे खालांचं मशीन चालू होतं. आप्पा अलीकडे कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यात मराठी आणि अहिराणी कशीही मिसळलेली असते. दुरुस्त कोणी करत नाही. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "लोक म्हणतात, लकव्यानं तिची वाचा गेली. तसं नाही. माझ्याशी बोलणं तिनं फार आधी सोडलं होतं. ती तोंड उघडायची आणि मी तिचा शब्द दुरुस्त करायचो. मग तिला जे सांगायचं असायचं ते ती या भिंतीवरून खालांना सांगायची. आमच्या घरातलं सगळं मला या वर्षी खालांकडून कळलं."

मी म्हणालो, "पण शेवटी बोलल्या ना तुमच्याशी. आपणहून."

"हो." ते हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. "मी तिला खिचडी भरवली होती, तोंड पुसत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं. आणि मी तसाच उठून पळत सुटलो. खालांना सांगितलं, तुम्हाला फोन केला, पोरीला फोन केला. परत आलो तोवर तिचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, हो, जेवलो. ती नुसती बघत राहिली. तिला संदर्भ लागलाच नाही. साऱ्या गल्लीला मी सांगत फिरलो की हिनं विचारलं म्हणून, आणि तिला उत्तर द्यायचं राहून गेलं."

खालांचं मशीन थांबलं होतं. मी विचारलं, "त्या दिवशी जेवला होतात का, आप्पा?"

त्यांनी मान हलवली.

"नई," ते म्हणाले, "मी जेवेल नव्हतू."